ओलं गल्लीतच जिरवा, बाकीचं मग बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली एक गल्ली, पन्नासभर घरं. तालमीच्या पोरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन निळी पिंपं आणली, घरोघरी पत्रकं वाटली आणि ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. जुलै संपायच्या आत पिंपांना वास सुटला, अळ्या वर आल्या, शेजारच्या आजींनी भांडण काढलं आणि सगळं बंद पडलं. आता पुन्हा उभं करायचंय. सुरुवात प्लॅस्टिकपासून करावी, जनजागृतीची फेरी काढावी, की वर्गणी काढून सरळ यंत्रच घ्यावं? आणि ती भरलेली पिंपं अजून तशीच आहेत, त्यांचं काय करायचं?

सतरा वर्षं मी हेच काम करते, बहुतेक पेठांमधून आणि थोडंफार राजारामपुरी-कळंब्याकडच्या कॉलन्यांमधून. पहिल्या तीन गल्ल्यांत मी स्वतः तोंडावर आपटले आहे, त्यामुळे तुमच्या पिंपांचा वास मला इथपर्यंत येतो. पिंपांकडे शेवटी येते.

पहिली चूक जून महिना. कोल्हापुरात नवीन खत जूनमध्ये लावायचं म्हणजे पोहायला येत नसताना पंचगंगेत ऑगस्टमध्ये उडी मारण्यासारखं आहे. त्या दिवसांत हवाच ओली असते, कोरडा पालापाचोळा कुठे मिळत नाही, आणि पिंपाचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी भाज्यांचं स्वतःचं पाणी आतच साठतं. पाणी साठलं की हवा संपते, हवा संपली की कुजणं सडण्यात बदलतं. वास येतो तो कचऱ्याचा नसतो, हवा न मिळाल्याचा असतो. दिवाळी झाली की सुरू करा. नोव्हेंबर ते मे असे सात महिने हात बसवायला मिळतात, मग पाऊस आला तरी माणसं गांगरत नाहीत.

दुसरी गोष्ट, फेरी-बिरी काढू नका. कचरा वेगळा करावा हे गल्लीत कुणाला माहीत नाही, असं अजिबात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करायला सांगितलं, तेव्हापासून कचरा न्यायला येणाऱ्या टिपरवरचं गाणं ऐकून ऐकून लहान पोरांनाही ते पाठ झालंय. प्रश्न माहितीचा नाहीच. वेगळा करून दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकाच गाडीत एकत्र पडताना बाईने एकदा पाहिला, की ती परत कधी वेगळा करत नाही, आणि तिचं चुकत नाही. तिला पत्रक नको, तिने वेगळं काढलेलं पुढेही वेगळंच राहतं हे दिसायला हवं. ते दिसायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वतःची गल्ली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पहिलं वर्ष फक्त ओल्याचं करा. ओलं गल्लीबाहेर जाता कामा नये. घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून जास्त ओलंच असतं, आणि सगळी घाण त्याचीच. ते बाजूला झालं की उरलेल्या डब्याला वास येत नाही, तो आठवडाभर घरात ठेवता येतो, कागद कागद राहतो, पिशवी धुतलेली राहते आणि कचरावेचक बाईला खरकट्यात हात घालावा लागत नाही. कसबा बावड्याला महापालिकेच्या झूम कचरा प्रकल्पावर जो डोंगर साठला, तसे डोंगर आतून धुमसत राहतात तेही या ओल्यामुळेच. दबलेल्या ओल्यातून मिथेन हा पेटणारा वायू तयार होतो आणि भोवती पेट घ्यायला प्लॅस्टिक असतंच.

आता हिशेब. चार-पाच माणसांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओलं निघतं. पन्नास घरांचं तीस किलो धरा. त्याला दोन पिंपं म्हणजे गंमत झाली! तुम्हाला विटांचे चार हौद लागतील, प्रत्येक पाच फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत एक वीट सोडून एक भोक ठेवायचं, जाळीसारखं. ही युक्ती आपल्याकडचीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी असाच हवेशीर हौद रूढ केला आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात. शेतावरचा नाडेप दहा फुटी असतो, गल्लीला तेवढा नको. एक हौद भरायला पंधरा-सोळा दिवस लागतात, मग तो दीड महिना झाकून ठेवायचा. चौथा भरेपर्यंत पहिला रिकामा करायला आलेला असतो. पावसाळ्यात हे गणित लांबतं, म्हणून जागा असेल तर पाचवा बांधून ठेवा.

जागा बहुतेक ठिकाणी तालमीच्या मागे किंवा देवळाच्या कडेला मिळते. आड किंवा बोअर जवळ नको. वर पत्रा हवाच. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या, पंचगंगेचं पाणी ४३ फुटांची धोका पातळी गाठायच्या आधीच ज्यांच्या पोटात गोळा येतो अशा भागात असाल, तर हौद बांधूच नका. तिथे उचलून नेता येतील असे जाळीचे पिंजरे बरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर गाद्या, फर्निचर आणि भिजलेल्या धान्याचे जे ढीग लागले होते, ते ज्याने पाहिलेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता खरं मर्म. ओल्याच्या जोडीला कोरडं लागतं, आणि तेही चिमूटभर नाही. ओल्याचा एक डबा टाकला की कोरड्याचा एक डबा टाकायचा. भाजी, खरकटं, चहाचा चोथा यांत नत्र म्हणजे नायट्रोजन जास्त. वाळकं पान, भुसा, चिपाड यांत कर्ब म्हणजे कार्बन जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे साधारण तीस भाग कर्ब लागतो. तुमच्या पिंपांत कर्ब जवळजवळ नव्हताच.

आणि या बाबतीत कोल्हापूरकराने रडायचं म्हणजे कमाल आहे. आपण कर्बाच्या राशीवर बसलोय. चौकाचौकांत रसवंती आहे. तिथली चिपाडं संध्याकाळी नको असतात, विनंती केली तर पोतं भरून देतात. दोन दिवस उन्हात वाळवून कोयत्याने बोटभर तुकडे करायचे. अख्खं चिपाड टाकलं तर ते वर्षभर तसंच राहतं, ही चूक मी केलेली आहे. हंगामात आसपासच्या गुऱ्हाळांवर आणि शेतात पाचट मिळतं, जे पुष्कळ जण अजून पेटवूनच देतात. टिंबर मार्केटला लाकडाचा भुसा मिळतो. फक्त प्लायवूडचा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. मार्चपर्यंत अशी तीस-चाळीस पोती भरून कोरड्या जागी रचून ठेवलीत, की पावसाळा तुमचा. जुलैमध्ये हौद वाचवतात ती ही पोती.

ही वाट माझी नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा केला, आणि घरचा कचरा, उसाची चिपाडं व मूठभर माती यांवर गच्चीत भाजीपाला कसा पिकवायचा हे माणसांना हाताने करायला लावलं. माझ्या पहिल्या गुरू म्हणजे त्या मंडळींचं बघून शिकलेल्या एक मावशी. त्या कधी ‘कंपोस्ट’ म्हणाल्या नाहीत, ‘माती शिजतीय’ म्हणायच्या. शिजते हे खरंच आहे. नीट लागलेला हौद आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. त्यात एक लोखंडी सळी खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला तर ठीक चाललंय. कोमट लागली तर एकतर कोरडं जास्त झालंय किंवा पाणी कमी पडलंय. आतलं मूठभर घेऊन पिळून बघा. बोटांमधून एखादा थेंब यावा. धार लागली तर चिपाडं टाका, भुगा झाला तर ताक-पाणी शिंपडा. सुरुवातीला विरजण म्हणून दोन पाट्या शेण, तेवढं बास. कल्चरच्या, म्हणजे तयार जिवाणूंच्या, पुड्या विकायला येतील. गल्लीत म्हैस असताना पुडी कशाला?

आता जो प्रश्न कोल्हापुरात विचारलाच जातो आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ज्याचं उत्तर नसतं तो: मटण. बुधवार, शुक्रवार, रविवार आपल्या गल्लीत काय शिजतं हे लपवण्यात अर्थ नाही. हाडं आणि तेलाचा तवंग आलेला रस्सा उघड्या हौदात टाकला की कुत्री, उंदीर आणि आजी, तिघंही येणार. हाडांसाठी वेगळा झाकणाचा डबा ठेवा आणि तो टिपरला द्या, त्यात कमीपणा काही नाही. थोडाफार उरलेला तांबडा-पांढरा रस्सा भातात कालवून हौदाच्या मधोमध गाडून वर वीतभर कोरडं टाकलं तर चालतो, पण फक्त हौद तापलेला असताना. पहिले तीन महिने हा शहाणपणा करू नका. मंगल कार्यालय किंवा खानावळ जवळ असेल तर त्यांच्या खरकट्याला हौद पुरत नाही. तिथे गोबरगॅसच हवा, आणि तो त्यांचा त्यांनी बांधावा. तुमच्या हौदावर त्यांचा डबा एकदा आला की परत जात नाही.

यंत्राबद्दल. एका सोसायटीने लाखो रुपयांचं, ‘चोवीस तासांत खत’ देणारं यंत्र घेतलेलं मी पाहिलं. ते विजेवर कचरा वाळवून कुटतं. निघतो तो भुगा, खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा सडायला लागतो आणि झाडाची मुळं जळतात. वीजबिल बघून आठव्या महिन्यात ते बंद झालं. आता त्याच्यावर कार्यालयातल्या फायली ठेवलेल्या असतात. पन्नास घरांना यंत्राची गरज नाही, माणसाची आहे.

आणि इथेच बहुतेक गल्ल्या फसतात. तुमच्याकडे पोरांनी पाळ्या लावल्या होत्या ना? पहिला आठवडा सगळे, दुसरा आठवडा निम्मे, तिसऱ्यात फुटबॉलचा सामना. पाळीवर खत होत नाही. रोज दोन तास काम करणारी एक व्यक्ती ठेवा आणि तिला पगार द्या. घरामागे महिना शंभर रुपये म्हणजे पाच हजार होतात. मंडळाच्या वर्गणीइतकीच ही वर्गणीही ठाम मागा. शक्यतो तुमच्या भागात आधीपासून कचरा वेचणाऱ्या बाईलाच विचारा. तिला प्लॅस्टिकचे प्रकार तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात, आणि सुक्या मालाची भंगारातली विक्री तिचीच राहू द्या. हातमोजे, गमबूट, पाण्याची सोय आणि बसायला सावली ही उपकार म्हणून नव्हे, कामाची अट म्हणून द्या. एका गल्लीत लोक तिला ‘ए कचरावाली’ म्हणत. तिसऱ्या महिन्यात तिने काम सोडलं आणि मीही सोडलं. नावाने, ताई-मावशी लावून हाक मारायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. ही घाण आमची, पण तिला हात लावणारे ते वेगळे, हा जुना समज आपल्या पेठांत अजून आहे. मी सोवळ्यातल्या घरांना हौदाजवळ आणून खताचा वास घ्यायला लावते. चांगल्या खताला पहिल्या पावसासारखा वास येतो. त्यानंतर बोलणं सोपं जातं.

तालमीच्या पोरांना काम नाही असं नाही. त्यांना जे येतं ते द्या: ईर्ष्या. एक काटा आणा, रोजचं ओलं मोजा आणि आठवड्याचा आकडा तालमीच्या दारात फळ्यावर लिहा. शेजारच्या गल्लीत हौद झाला की दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या फुटबॉल सामन्याला जे गाव स्टेडियम डोक्यावर घेतं, त्याला कचऱ्यातही हरायला आवडत नाही. होळीचंच बघा. होळी लहान करा आणि वाचलेल्या शेणी (गोवऱ्या) पंचगंगा स्मशानभूमीला द्या, हे कुणीतरी आधी सांगितलं, पण पसरलं ते एका मंडळाने गाडी भरून नेल्यावर दुसऱ्याला राहवलं नाही म्हणून. आज शेणीदान ही इथली रीत झाली आहे. भाषणाने ती कधीच झाली नसती.

सुक्याचं फार लिहीत नाही, कारण ओलं सुटलं की ते अर्धं आपोआप सुटतं. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, ताईंनी घरोघरून न्यायचं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा तोडून टाकू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि शेवटी जयंती नाल्यात जातो. पिशवी पाण्याने विसळून वाळवली तर तिला गिऱ्हाईक आहे. कुरकुऱ्यांच्या आणि शाम्पूच्या चकचकीत पाकिटांना नाही, ती वेगळ्या पोत्यात भरून टिपरलाच द्यायची. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे. इन्सुलिनच्या सुया झाकण असलेल्या जाड बाटलीत. या दोन गोष्टी ताईंच्या हातासाठी आहेत, म्हणून इथे सवलत देऊ नका.

प्लॅस्टिकबंदीपासून सुरुवात का नको म्हणते? बंदी आहेच. राज्यात २०१८ पासून आहे, एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर २०२२ पासून आहे. तुम्ही पुन्हा बंदी घातली तर भाजीवाल्याशी वाद होतील आणि पोरांचा सगळा दम तिथेच जाईल. बंदीपेक्षा सोय जास्त चालते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर माणूस समोर काढलेलं धारोष्ण दूध पेल्यात पितो आणि उरलेलं स्वतःच्या किटलीत घेऊन जातो, तिथे पिशवीचा प्रश्नच येत नाही. तसंच भांड्यांचं. पूर्वी गावकीची भांडी असायची, लग्नाकार्याला देवळातून न्यायची आणि घासून परत द्यायची. तालमीने तीनशे ताटं, वाट्या आणि पेले घेऊन ठेवा, महाप्रसादापासून बारशापर्यंत गल्लीतच फिरतील. फक्त नियम करा: घासणाऱ्या बाईची मजुरी भाड्यातच धरायची. नाहीतर काम गल्लीतल्या सुनांवर पडतं आणि पुढच्या वेळी त्याच सुना थर्माकोल नसला तरी कागदी द्रोण-पत्रावळीच मागवतात. मी त्यांना दोष देणार नाही.

दुरुस्तीबद्दल कोल्हापूरला शिकवायला मी कोण? जिथे चपलेला नवा तळ बसतो, शिवाजी उद्यमनगरात भंगार लोखंड वितळून पुन्हा सुटा भाग होतो, आणि जुन्या लुगड्यांची वाकळ तीन पिढ्या पांघरली जाते, तिथे ‘शाश्वत जीवनशैली’ हा शब्द मला जरा जड वाटतो. एक मात्र करा. वाकळ शिवणाऱ्या बायका गल्लीत असतील तर जुन्या साड्या एकत्र करून त्यांच्याकडे द्या. मजुरी देऊन. आज सिंथेटिक साडी भांडेवालीही घेत नाही आणि ती कुजतही नाही.

गौरी-गणपतीच्या दहा दिवसांत हौदावर ओझं दुप्पट होतं. निर्माल्यातले दोरे, प्लॅस्टिकची फुलं, जरीच्या पट्ट्या आधी काढून घ्या. फुलं, पत्री, केळीची पानं चालतात. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या वेगळ्या, त्या कुजायला फार वेळ घेतात. त्या आठवड्यात ताईंच्या मदतीला दोन पोरं पूर्ण वेळ द्या.

खत किती होईल? टाकलेल्या ओल्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं. तीस किलोच्या गल्लीत महिना दीडशे किलोच्या आसपास. पहिली खेप विकू नका. ज्यांनी वेगळं करून दिलं त्यांना घरामागे दोन किलो द्या, आणि त्या भांडलेल्या आजींच्या तुळशीत सगळ्यात आधी घाला.

आता पिंपं. झाकणं उघडा, आजच. सकाळी करा, दुपारी वास वर चढतो. पिंपाच्या बुडाशी गरम सळीने आठ-दहा भोकं पाडा आणि खाली घमेलं ठेवा. जे काळं पाणी येईल ते दसपट पाण्यात मिसळून एखाद्या मोठ्या झाडाच्या आळ्यात ओता, कुंडीत नको. मग ताडपत्रीवर सगळं उपसा, वाळलेल्या चिपाडांचं आणि भुशाचं दीडपट मिश्रण घालून फावड्याने दोनदा वर-खाली करा. दोन पाट्या शेण, मूठभर जुनी माती. कडेला ढीग करून गोणपाटाने झाका. तिसऱ्या दिवशी सळी घालून बघा. अळ्यांची काळजी नको, ढीग तापला की त्या जातात. दर पाच दिवसांनी एकदा पालटा. पाऊस असेल तर हे सगळं पत्र्याखाली. महिन्या-सव्वा महिन्यात त्याचा वास बदलेल, आणि तेच तुमच्या पहिल्या हौदाचं विरजण.